पन्नास पावलांवरून : धनेशाच्या घरट्यांविषयी वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीच्या अंकात संगमेश्वर तालुक्यातल्या धनेशाच्या (हॉर्नबिलच्या) ढोल्यांवर लिहिलं होतं. त्यावरचं टपाल अजून येतंय. आमच्याकडे कोकणात या पक्ष्याला गरुड म्हणतात, त्यामुळे बरीच पत्रं ‘आमच्या राईतही गरुड आहे’ अशीच सुरू होतात. माद्या सध्या ढोलीत आहेत. म्हणून ज्यांना उत्तराची घाई आहे अशी पत्रं या वेळी घेतली. बाकीच्यांनी जरा धीर धरावा.

मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या जानेवारीपासून एका संशोधन प्रकल्पात धनेशाच्या घरट्यांवर लक्ष ठेवायला मदतनीस म्हणून जायची संधी आहे. दिवसभर नेमकं काय करायचं असतं? आणि कॅमेरा कोणता घेऊ?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

कॅमेऱ्याचं राहू दे. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, दोन पेन्सिली, जाड पुठ्ठ्याची वही, मनगटावर घड्याळ आणि बसायला छोटं स्टूल, एवढं जमव. पेन नको. पहाटेच्या दवात शाई पसरते आणि आठवड्याचं काम वाया जातं. प्रकल्पाकडे वन विभागाची परवानगी आहे ना, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घे. विचारायला संकोच नको.

जानेवारी आणि फेब्रुवारी जातात ढोल्या शोधण्यात. धनेशाची चोच एवढी थोरली, पण तिनं त्याला सुतारपक्ष्यासारखं भोक पाडता येत नाही. फांदी मोडून, आतलं लाकूड कुजून आपोआप तयार झालेली पोकळी त्याला लागते, आणि तशी पोकळी म्हाताऱ्या झाडातच असते. आमच्याकडे बेहडा, सातवीण, सावर, जुना रायवळ आंबा. चांगली ढोली वर्षानुवर्षं वापरात राहते. म्हणून रानात शिरण्याआधी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. माझ्या यादीतल्या निम्म्याहून जास्त ढोल्या मला गुराख्यांनी आणि मध काढणाऱ्यांनी दाखवल्या.

मग एक दिवस मादी आत जाते आणि आतूनच दार लिंपायला घेते. स्वतःची विष्ठा, फळांचा गर, जे हाताशी असेल ते चोचीच्या कडेनं थापत राहते. शेवटी चोच बाहेर येईल एवढी उभी फट उरते. ती तारीख तुझ्या वहीतली सर्वांत मोलाची. पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. मोठ्या धनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते आणि ३८ ते ४० दिवस उबवते. कवड्या धनेश या दुसऱ्या जातीची अंडी बहुधा दोन-तीन. आत असतानाच मादी पंखांची आणि शेपटीची पिसं टाकते, म्हणजे त्या दिवसांत तिला उडता येत नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट बाहेरच्या एकट्या नरावर असतं. हे एकदा मनात पक्कं बसलं, की आपण झाडाजवळ का जायचं नाही, हे तुला कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

आता दिवस कसा जातो ते सांगते. उजाडायच्या आत जागेवर बसायचं, कारण उजेडात चालत गेलो तर नर आपल्याला आधी बघतो आणि लांबच्या झाडावर थांबून राहतो. त्याच्या चोचीतलं खाणं तेवढा वेळ मादीला मिळत नाही. मी ढोलीपासून पन्नास पावलांच्या आत बसत नाही. झाडीआड, पालापाचोळ्याच्या रंगाच्या कापडाचं लपण करायचं. सकाळी सहा ते दुपारी बारा एक जण, बारा ते सहा दुसरा. नर येतो तो आधी ऐकू येतो. मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज म्हणजे सारवलेल्या अंगणात कुणी मोठा खराटा जोरजोरात ओढतंय असा. आवाज आला की घड्याळ बघून वेळ लिहायची. मग तो ढोलीच्या तोंडाशी चिकटून बसतो आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीतून आत देतो. ती मोजायची. माझ्या वहीतला एका मार्चचा उतारा देते : ‘६.४०, नर, उंबरं २३. ७.१० गेला, उत्तरेला. ९.५५, नर, ४ मिनिटं समोरच्या सातविणीवर, मग ढोलीवर, काळी बारीक फळं १७, ओळखली नाहीत. २.२०, नर, चोचीत सरडा. आत दिला.’ सरडा, खेकडा, मोठे किडे येऊ लागले की आत बहुतेक पिल्लू आहे असं धरतो. वाढत्या अंगाला नुसती फळं पुरत नाहीत.

वहीत दोन रकाने आखून घे, एक ‘दिसलं’ आणि दुसरा ‘वाटलं’. पिल्लाचा आवाज आल्यासारखा झाला? तो दुसऱ्या रकान्यात. नर दमलेला दिसतोय? तेही दुसऱ्यात. वर्षाच्या शेवटी ताळा करताना पहिला रकाना पुढे जातो, दुसरा तुझ्यापाशी राहतो. आणि सहा तास बसून काहीच घडलं नाही, तर ‘६ ते १२, नर आला नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिही. नवी मुलं हेच लिहायची टाळतात. रिकामा दिवस म्हणजे आपलीच कामचुकारी असं त्यांना वाटतं. पण नर किती अंतरानं येतो हे त्या रिकाम्या तासांवरूनच तर कळतं.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या खोप्यांसमोर असंच ठाण मांडलं होतं. नर खोपा अर्धाच विणतो, मादीनं तो पसंत केला की पुरा करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवा विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून शोधलं. त्याला बसायची तयारी लागली, महागडं यंत्र नाही.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. तिसऱ्या वर्षी मला आत अंडी किती आहेत हे पाहायची घाई झाली. मादी आत जाऊन तीन आठवडे झाले होते. नर गेल्याचं बघून मी बांबूची शिडी लावली आणि काठीला बांधलेला आरसा फटीपाशी नेला. मला आत काळोखाशिवाय काहीच दिसलं नाही. खाली उतरून निघून आले. दोन दिवसांनी गेले तर लिंपण फुटलेलं, खाली त्याच्या खपल्या पडलेल्या, ढोली रिकामी. पुढची दोन वर्षं त्या ढोलीत कुणीही आलं नाही. त्या वर्षीचं पान मी वहीतून काढलेलं नाही. तुझ्या प्रकल्पात कुणी, अगदी वरिष्ठांनीही, ‘एकदाच बघून येऊ’ म्हटलं तर तू जाऊ नकोस.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. घरामागच्या देवराईत गरुडाची ढोली आहे, रोज सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी तासभर बघतो. परवापासून नर आलेला नाही. मादी उपाशी मरेल या विचारानं झोप नाही. शिडी लावून पपईचे तुकडे आत टाकू का?
— एक वाचक, चिपळूण तालुका

भाऊ, शिडी लावू नका. तुमची तळमळ कळते, म्हणून हे उत्तर अंकाची वाट न बघता पोस्टकार्डानंही पाठवलंय.

तुम्ही दिवसाचे तीन तास बघता. उजेड असतो बारा तास. उरलेल्या नऊ तासांत नर चार वेळा येऊन गेला असेल तरी तुम्हाला कळणार नाही. चार-पाच तासांचं अंतर तर मी कितीदा लिहिलंय. तेव्हा आधी तो खरोखर येतच नाही का, ते बघू. संध्याकाळी पुरता काळोख पडला की बॅटरी वर न मारता झाडाखाली जा, ढोलीच्या बरोबर खाली केळीची दोन-तीन पानं पसरा आणि परत या. मादी आणि पिल्लं फटीतूनच बाहेर शिटतात, बियाही बाहेरच टाकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी लांबून दुर्बिणीनं पानं बघा. हिरव्या पानावर ताजी पांढरी शीट आणि नव्या बिया दिसल्या तर नर येतोय, तुम्ही निर्धास्त झोपा. शेजारच्या मुलांना दिवसभरासाठी पाळ्या लावून लांबून बसवता आलं तर फारच चांगलं.

दोन-तीन दिवस पानं कोरडी राहिली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, नुसती हकिगत न सांगता तारखा आणि तास सांगा. मादी आत कैद नसते. लिंपण तिनंच घातलेलं असतं, ती ते फोडून बाहेर येऊ शकते. धोका पुढे आहे. पिसं झडलेली असली तर ती जमिनीवर पडून राहील आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडेल. म्हणून वाडीतली कुत्री त्या बाजूला फिरकणार नाहीत एवढं तुम्ही आजपासून बघा. तुमच्या हातात असलेली मदत ती हीच, आणि ती लहान नाही.

बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलंय, तीन अंडी आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला रोज जवळून फोटो काढून शाळेसाठी वही करायची आहे. हात लागला तर आई अंडी टाकते म्हणतात, ते खरं का?
— एक आई, ठाणे

माणसाच्या वासानं आई पिल्लं टाकते, हा समज आहे. पक्ष्यांचा भरवसा वासापेक्षा डोळ्यांवर असतो. खरी भीती वेगळी आहे. आपण दर तासाला वाकून बघायला लागलो की समोरच्या तारेवरचा कावळा आपल्याला बघून घरटं हेरतो. मुलाला काचेच्या आतून, पडद्याच्या फटीतून बघू द्या. फोटोऐवजी चित्र काढू द्या, त्यात बारकावे जास्त टिपले जातात. बुलबुल साधारण दोन आठवडे उबवतो आणि पिल्लं आणखी तेवढ्याच दिवसांत उडतात, म्हणजे महिन्याभराची वही सहज होईल. कुंडीला पाणी घालाल ते हलक्या हातानं, कडेकडेनं. आणि वही पुरी झाली की मला जरूर दाखवायला सांगा.

तुमच्या लेखातल्या ढोल्यांची ठिकाणं कळवाल का? आमचा पाच-सहा छायाचित्रकारांचा गट आहे, सगळे जबाबदार आहोत. ड्रोनही आहे.
— एक वाचक, पुणे

नाही कळवणार. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. कायदा लिहिणाऱ्यांनी बंदूक आणि घरट्याशी केलेली छेडछाड एकाच कलमात बसवली, आणि माझ्या अनुभवाला ते अगदी पटतं. ढोलीसमोर ड्रोन उडवला की नर तासन्‌तास जवळ येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्हाला धनेशाचं छायाचित्र हवं असेल तर हिवाळ्यात फळांनी लगडलेला वड किंवा नांदरूक शोधा आणि त्याच्यापासून लांब बसा. तिथे दहा-दहा धनेश एकत्र मिळतील आणि कुणाच्या पिल्लाचा घास चुकणार नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. परसात ब्लूबर्डसाठी लाकडी पेटी लावली आहे. नेस्टवॉचवर नोंदी करायच्या आहेत, त्यासाठी पेटी उघडून बघावी लागते. तुम्ही तर पन्नास पावलं सांगता. मग आम्ही चुकतोय का? शिवाय एक चिमणा त्या पेटीत घुसू बघतोय, त्याचं काय करावं?
— एक वाचक, न्यू जर्सी

तुम्ही चुकत नाही. प्रत्येक पक्ष्याची सहनशक्ती वेगळी असते. धनेश मादी स्वतःला बंद करून घेते, तिथे ढवळाढवळ म्हणजे सर्वनाश. ब्लूबर्डच्या पेटीला आधीच उघडणारं दार असतं, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा नेस्टवॉच उपक्रम अशा नोंदींवरच उभा आहे. त्यांचे नियम मात्र काटेकोर पाळा. तीन-चार दिवसांतून एकदाच बघायचं. अगदी सकाळी, पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत उघडायचं नाही. मिनिटभरात आटपून निघायचं, आणि जाण्या-येण्याची वाट वेगवेगळी ठेवायची, म्हणजे मांजराला किंवा रकूनला सरळ माग मिळणार नाही. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की पेटी उघडणं बंद. घाबरून ती वेळेआधीच उडी मारतात.

चिमण्याचा प्रश्न वाचून जीव थोडा हलला. इथे आम्ही ‘चिमण्या कुठे गेल्या’ म्हणून हळहळतो, आणि तुमच्याकडे तीच चिमणी परकी. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रुकलिनमध्ये माणसांनी नेऊन सोडली. ती ब्लूबर्डची पेटी बळकावते, अंडी फोडते, आत बसलेल्या मादीलाही मारते. तिथल्या कायद्यात स्थानिक पक्ष्यांना संरक्षण आहे, या चिमणीला नाही. तुमचं बालपण चिमणीच्या गाण्यांत गेलं असेल, तरी तिथे तुम्ही ब्लूबर्डच्या बाजूनं उभं राहायला हवं. पेटी घरापासून आणि दाणे टाकायच्या जागेपासून लांब, मोकळ्या गवताकडे हलवा, पण आत अंडी नसतील तेव्हाच. चिमणीनं गवत भरायला घेतलं तर ते रोज काढून टाका. काढण्याआधी ते ब्लूबर्डचं नाही ना, याची खात्री करा. ब्लूबर्डचं घरटं बारीक गवताचं, नीटस वाटीसारखं असतं. चिमणीच्या घरट्यात पिसं, कागद, चिंध्या, काय वाट्टेल ते असतं.

माझ्या बांधावर बेहड्याचं जुनं झाड आहे, तीन माणसांच्या कवेत मावणार नाही. सहा वर्षं गरुड त्यात पिल्लं काढतो, यंदाही मादी आत आहे. व्यापारी मे महिन्यात पावसाआधी तोडायला मागतोय. घराचं छप्पर नवं घालायचं आहे, पैशाची गरज आहे. लेख वाचून बायको म्हणाली, आधी यांना विचारा.
— एक शेतकरी, संगमेश्वर तालुका

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. छप्पर ही खरी गरज आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. वहिनींनी विचारायला लावलं, त्यांचे आभार मानते.

मे महिन्यात तोड केली तर मादी आणि पिल्लं आतच मरतील. ती पळूही शकणार नाहीत. म्हणून मेचा व्यवहार काहीही करून टाळा. खाजगी मालकीचं असलं तरी महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर १९६४ च्या कायद्याचं नियमन आहे. व्यापारी ‘सगळं मी बघतो’ म्हणेल, पण झाड तुमच्या सातबाऱ्यावर उभं आहे आणि उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावानं येईल. वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन, आत घरटं आहे असं लेखी द्या आणि पोच घ्या.

पैशाचं म्हणाल, तर बेहड्याचं लाकूड काही सागाच्या भावानं जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फळ मात्र दर वर्षी येतं. त्रिफळ्यात हिरडा, आवळा यांच्या बरोबरीनं बेहडा लागतोच, औषधवाल्यांची त्याला मागणी असते. फळ थंडीत पिकून पडतं, गरुड ढोलीत शिरायच्या आधी. म्हणजे फळं वेचायला तुम्हाला त्याची आडकाठी नाही आणि त्याला तुमची नाही. एका झाडाच्या फळांवर छप्पर उभं राहणार नाही, हे मान्य. पण तुमच्या वाडीत असे बेहडे किती आहेत? सगळ्यांनी मिळून वाळवून, एकत्र वजन करून विकलं तर भाव मागता येतो. आपल्या भागात बेहड्यावर भूत असतं म्हणून पूर्वीची माणसं कुऱ्हाड लावत नसत. आता ती भीती सरली आहे, आणि त्या जागी झाड राखायचं दुसरं कारण माणसाच्या हातात द्यायला हवं.

अरुणाचल प्रदेशात पाक्के अभयारण्याभोवती न्यिशी लोक राहतात. त्यांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावायची रीत होती आणि त्यासाठी शिकार व्हायची. २०११-१२ पासून तिथे वन विभाग, गावकरी आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था मिळून घरटं दत्तक योजना चालवतात. शहरातली माणसं एकेका घरट्यासाठी पैसे देतात, त्यातून गावातल्याच माणसांना राखणीचं मानधन मिळतं. पूर्वी शिकार करणारे काही जण आज तीच घरटी राखतात, आणि टोपीवर फायबरची चोच आली. असं मानधन तुम्हाला उद्या मिळेल अशी खोटी आशा मी लावणार नाही. पण सहा वर्षं लागोपाठ वापरात असलेली ढोली घेऊन कुठल्याही संस्थेच्या दारात आपण हक्कानं उभे राहू शकतो. अशी ढोली तयार व्हायला माणसाचा जन्म जातो. त्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्याकडे येते. घेर मोजायचा टेप आणि जास्तीची दुर्बीण आणीन. झाडाला हात लावायचा तो पिल्लं उडून गेल्यावरच, तोवर लांबूनच बघू. तोपर्यंत झाडाखाली गुरं बांधू नका आणि बांधाचं गवत पेटवू नका. आणि एक काम दोघांनी बसून करा. सहा वर्षांत मादी कधी आत गेली आणि पिल्लं कधी बाहेर पडली, आठवेल तसं वहीत लिहून ठेवा. तारीख नसली तरी चालेल. शिमग्याच्या आधी की नंतर, आंबा उतरवताना की पेरणीच्या तोंडावर, एवढं आठवलं तरी मला पुरे.